कार्यक्रमांना नेऊनही आईंचे मन का रमत नाही?

तुमच्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. तुमच्या आई ६६ वर्षांच्या असून त्यांचे सारे आयुष्य वाळवा तालुक्यातल्या एका गावात गेले. वडील गेल्यानंतर, साधारण दीड वर्षापूर्वी, तुम्ही त्यांना पिंपरी-चिंचवडला आपल्या घरी आणले. घरात भांडण नाही, पैशाची ओढाताण नाही, नातवंडे आहेत. तरीही त्या दिवसचा दिवस गॅलरीत बसून राहतात, बोलणे कमी झाले आहे आणि जेवण नुसते उरकतात. त्यांचे मन रमावे म्हणून तुम्ही त्यांना सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांना नेले, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुनेबरोबर पाठवले, ज्येष्ठ नागरिक संघाचे सभासदत्व घेऊन दिले. दोन-चार वेळा जाऊन त्या आता ‘मला नको’ एवढेच म्हणतात. चार माणसांत मिसळल्याने मन बरे राहते असे सगळे सांगत असताना आईंना त्याचा उपयोग का होत नाही, हा आजार आहे की स्वभाव, आणि त्यांना गावी परत पाठवावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून कामाला सुरुवात केली आणि पुढे बरीच वर्षे पुणे परिसरातील वयस्क व्यक्ती, त्यांची कुटुंबे आणि आधारगट यांच्याबरोबर काम करत आले आहे. आईंना मी भेटलेली नाही, त्यामुळे निदान करणे मला शक्य नाही आणि तसे करणे योग्यही होणार नाही. परंतु तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत असे मला वाटते. आईंना उपचारांची गरज असलेली उदासीनता (डिप्रेशन) झाली आहे का, हा एक. आणि त्या निरोगी असल्या तरी तुम्ही ज्या प्रकारच्या गर्दीत त्यांना नेता आहात तिच्यातून त्यांना आधार मिळू शकतो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नये, कारण आजाराने खचलेल्या माणसाला कार्यक्रमांत ओढत नेले, तर ‘सगळे हसतात आणि मलाच काही वाटत नाही’ या जाणिवेने तो आणखी खचतो. हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

म्हणून आधी तपासणीविषयी लिहिते. जोडीदाराच्या मृत्यूनंतरचे दुःख दीड वर्ष टिकणे यात अस्वाभाविक असे काही नाही. परंतु दुःखात असलेल्या माणसाला अधूनमधून तरी हसू येते, नातवंडाचे कौतुक वाटते, आवडीचा पदार्थ दोन घास जास्त जातो. उदासीनतेच्या आजारात या खिडक्याही बंद होतात. सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ, दिवसातला बहुतेक वेळ मन खिन्न असणे किंवा कशातच गोडी न उरणे, पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, वजन उतरणे, हालचाली मंदावणे, ‘मी तुमच्यावर ओझे आहे’ असे वारंवार बोलणे, ही लक्षणे एकत्र दिसत असतील तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. आपल्याकडच्या, विशेषतः ग्रामीण भागातून आलेल्या स्त्रिया ‘मी उदास आहे’ असे सहसा म्हणत नाहीत. अंग दुखते, डोके जड झाले आहे, छातीत धडधडते, हातापायांत जीव नाही, असे म्हणतात आणि मग घरचे लोक फक्त गुडघ्यांचे आणि पित्ताचे उपचार करत राहतात. वृद्धत्वाविषयीच्या ‘लासी’ या देशव्यापी पाहणीत, तिच्या २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत, साठीच्या पुढच्या व्यक्तींपैकी सुमारे ८.३ टक्के व्यक्तींमध्ये तीव्र उदासीनतेची लक्षणे आढळली होती. म्हणजे ही गोष्ट दुर्मीळ नाही आणि तिच्यावर औषधे आणि समुपदेशन या दोन्हींचा चांगला उपयोग होतो. दवाखान्यात जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. आईंच्या बोलण्यात मरणाचा किंवा जीव देण्याचा उल्लेख येत असेल, मग तो सहज बोलल्यासारखा का असेना, तर वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना एकटे ठेवू नका.

याच टप्प्यावर थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब जीवनसत्त्वापैकी बी-१२ आणि साखर यांच्या तपासण्या करून घ्याव्यात, कारण यांतल्या बिघाडानेही माणूस मलूल होतो. विसरभोळेपणा वाढला आहे का, हेही डॉक्टरांना सांगावे. आणि दोन गोष्टी अशा आहेत ज्या कुटुंबे जवळजवळ कधीच सांगत नाहीत, म्हणून मी मुद्दाम विचारते. पहिली कानांची. वयानुसार ऐकू कमी येऊ लागले की घरात दोघांचे बोलणे कळते, परंतु ध्वनिवर्धकाच्या आवाजात आणि पन्नास जणांच्या गलक्यात शब्द सुटे होत नाहीत. मग विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर दिले जाते, कोणीतरी हसते, आणि ती व्यक्ती पुढच्या वेळी ‘मला नको’ म्हणते. दुसरी लघवीची. शिंकताना किंवा जिना चढताना लघवी थेंबथेंब जाणे, ती रोखून धरता न येणे, हा त्रास या वयातल्या फार स्त्रियांना असतो आणि मुलाला तर सोडाच, सुनेलाही त्या ते सांगत नाहीत. जेथे स्वच्छतागृह जवळ नाही, खुर्च्यांची रांग अडवून उठावे लागते, अशा तीन तासांच्या कार्यक्रमाला त्या का जात नाहीत याचे कारण मनात शोधण्यापूर्वी येथे शोधावे. हे तुमच्या पत्नीने किंवा बहिणीने, दोघीच असताना, हलक्या शब्दांत विचारणे बरे.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. माणसांच्या सोबतीने प्रकृतीला फायदा होतो, हे तुम्हाला ज्यांनी सांगितले ते चुकीचे बोललेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक जोडणीविषयक आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा जणांपैकी एकाला एकटेपणाचा त्रास असल्याचे म्हटले आहे. त्याआधी, २०१० मध्ये, ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम होते त्यांची त्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. हे निरीक्षणांवर आधारलेले निष्कर्ष आहेत, त्यांवरून थेट कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्याची प्रकृती चांगली त्याचा लोकांतला वावरही जास्त, हेही खरेच असते. मात्र त्या अभ्यासातली एक बाब तुमच्या घरासाठी मला अधिक महत्त्वाची वाटते. माणूस एकटा राहतो की कोणाबरोबर, एवढाच प्रश्न विचारला तेव्हा त्याचा हयात राहण्याशी असलेला संबंध सर्वांत क्षीण दिसला. आणि कुटुंब, मित्र, शेजार, संस्था अशा अनेक अंगांनी ती व्यक्ती लोकांत किती गुंतलेली आहे, हे मोजले तेव्हा तो सर्वांत ठळक दिसला. आई भरल्या घरात राहतात म्हणून त्या एकट्या नाहीत, असे आपण समजतो. प्रत्यक्षात सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या घरात त्यांच्याशी कोण, काय आणि किती बोलते, याची नोंद एखाद्या दिवशी करून पाहा.

गर्दीने एकटेपणा जातो का, याविषयी एक फार बोलका अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. प्रयागच्या २०११ च्या माघ मेळ्यात महिनाभर कल्पवास करणाऱ्या, म्हणजे नदीकाठी राहून स्नान-व्रत करणाऱ्या यात्रेकरूंची मेळ्याआधी आणि मेळ्यानंतर प्रकृती आणि मनःस्थिती विचारण्यात आली आणि जे गेले नाहीत अशा लोकांशी तिची तुलना करण्यात आली. कडाक्याची थंडी, नदीचे गार पाणी, रात्रंदिवस ध्वनिवर्धक, दाटीवाटी. एरवी या सगळ्याने प्रकृती बिघडावी. परंतु जाऊन आलेल्यांना आपली प्रकृती आणि मन न गेलेल्यांच्या तुलनेत अधिक चांगले वाटत होते. पुढच्या विश्लेषणात याचे कारण असे पुढे आले की, आजूबाजूच्यांना ते ‘आपल्यातले’ मानत होते आणि अडल्यास हे लोक मदतीला येतील असा त्यांना भरवसा होता. जेथे ही आपलेपणाची जाणीव अधिक, तेथे लाभही अधिक.

आपल्या वारीत हेच घडते, फक्त आपण ते या शब्दांत मांडत नाही. दुरून पाहणाऱ्याला आळंदीहून पंढरपूरकडे निघालेला लाखोंचा समुदाय दिसतो, पण वारकरी त्या समुदायाचा नसतो. तो आपल्या दिंडीचा असतो. त्या दिंडीला क्रमांक असतो, रथापुढची किंवा रथामागची तिची जागा ठरलेली असते, कोणाकडे वीणा, कोणाकडे पखवाज, कोणाच्या डोक्यावर तुळस, कोणाकडे मुक्कामाच्या स्वयंपाकाचे काम असते. एखादी वारकरी स्त्री मुक्कामाला पोहोचली नाही, तर तिच्या दिंडीतल्या माणसांना ते तासाभरात कळते आणि कोणीतरी तिला शोधायला मागे जाते. माझ्या अनुभवात मनाला आधार देणारी गोष्ट नेमकी हीच असते: आपण आलो नाही तर ते कोणाच्या तरी लक्षात येईल आणि आपल्यावाचून कोणाचे तरी काम अडेल, ही खात्री. सोसायटीच्या गणपतीत तिसऱ्या रांगेत बसून लहान मुलांची नृत्ये पाहणाऱ्या तुमच्या आईंना ती खात्री कोठून मिळणार? त्या आल्या काय आणि न आल्या काय, कार्यक्रम तसाच होतो, आणि हे त्यांना बसल्या जागी कळते.

गावातल्या त्यांच्या आयुष्याचा विचार करा. तेथे त्या ‘लोकांत मिसळण्यासाठी’ कोठेही जात नव्हत्या. भांगलणीला चौघी जणी एका ओळीत बसल्या की बोलणे आपोआप होत होते. एकमेकींच्या शेतात पैऱ्याने जाणे, दूध घालायला डेअरीवर थांबणे, बचत गटाच्या बैठकीला सही करणे, कोणाच्या घरच्या लग्नात पोळ्या लाटायला पोळपाट-लाटणे घेऊन जाणे, बाळंतिणीला डिंकाचे लाडू देऊन येणे, एकादशीला देवळात भजनाला बसणे, ही सगळी कामे होती आणि ओळखी, विचारपूस, रुसवे, मदत, सगळे त्या कामांच्या आधाराने चालत होते. शहरात आपण नुसती माणसांची गाठ घालून देतो आणि हातात काही देत नाही. ज्या स्त्रीने पन्नास वर्षे काम करता करता गप्पा मारल्या, तिला रिकाम्या हाताने खुर्चीत बसून अनोळखी बायकांशी गप्पा मारता येत नाहीत, आणि तिला ते अवघड जाते यात तिचा स्वभाव एकलकोंडा असल्याचा पुरावा नाही.

हळदीकुंकवाविषयी मला स्पष्ट लिहायला हवे, कारण तुमचा हेतू निर्मळ असला तरी तेथे काय घडले असेल याची कल्पना तुम्हाला नसावी. पती गमावलेल्या स्त्रीला त्या समारंभात कुंकू लावायचे की नाही, वाण द्यायचे की नाही, याविषयी यजमान बाई क्षणभर अडखळते, आणि तो क्षण सगळ्यांच्या नजरेसमोर घडतो. अनेक ठिकाणी अशा स्त्रीला मागे बसवून तिच्या हातात नुसती तिळाची वडी दिली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले, हे फार मोलाचे पाऊल होते. पण ठराव झाला म्हणून प्रत्येक दिवाणखान्यातला तो अडखळलेला हात सुटला असे नाही. तुमच्या सोसायटीतल्या स्त्रिया सर्वांना सारखे कुंकू आणि सारखे वाण देणार असतील आणि ते आईंना आधी माहीत असेल, तरच त्यांना तेथे पाठवावे. अन्यथा तोच समारंभ त्यांच्या एकटेपणावर शिक्का मारणारा ठरतो.

मग करावे काय? मी जेव्हा अशा कुटुंबाबरोबर काम करते, तेव्हा कार्यक्रमांची यादी बाजूला ठेवते आणि त्या व्यक्तीला ती काय काय करत असे ते विचारते. काय आवडते, असे विचारू नका. आपल्या आयांना या प्रश्नाचे उत्तर देण्याची सवय नसते, ‘मला कशाचं काय आवडणार’ म्हणून त्या विषय संपवतात. गावी सकाळी उठल्यापासून काय करत होतीस, कोणाकडे जात होतीस, आषाढात काय असायचे, उन्हाळ्यात काय असायचे, असे विचारावे आणि ऐकावे. त्यात कोठे आवाजात जीव येतो ते पाहावे. तेथूनच सुरुवात करायची असते.

यामागचा विचार माझा एकटीचा नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत उदासीनतेने त्रस्त असलेल्या रुग्णांसाठी एक उपक्रम राबवला. त्यात डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत त्या व्यक्तींना पूर्वी ज्यातून समाधान मिळत असे त्या गोष्टी थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करायला, अडचणी सोडवायला आणि माणसांशी तुटलेला संपर्क जोडायला मदत केली. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के रुग्ण आजाराच्या लक्षणांतून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. आधी मन ताळ्यावर येईल आणि मग माणूस कामाला लागेल, असे आपण धरून चालतो. उदासीनतेत बऱ्याचदा क्रम उलटा असतो आणि छोटीशी कृती आधी घडावी लागते. मात्र ती कृती त्या व्यक्तीच्या आयुष्यातून आलेली असावी लागते, आपल्या सोयीने निवडलेली नव्हे.

तुमच्या आईंच्या बाबतीत मी पन्नास जणांचा कार्यक्रम सोडून एका माणसापासून सुरुवात करीन. तुमच्या इमारतीत किंवा शेजारच्या इमारतीत सांगली, सातारा, कोल्हापूर भागातून मुलांकडे आलेली एखादी आजी निश्चित असेल. सुरक्षारक्षक, घरकामाला येणाऱ्या ताई आणि भाजीवाले यांना ती माहीत असते, त्यांना विचारा. बोलीभाषेची लाज हा शहरातल्या गप्पपणामागचा मोठा आणि न बोलला जाणारा भाग आहे, आणि समोरची बाई आपल्यासारखेच बोलते हे कळले की तो निम्मा गळून पडतो. त्या दोघींची गाठ घालताना हातात काम असू द्या: पावट्याच्या शेंगा सोलायच्या, गोधडीला टाके घालायचे, वाती वळायच्या. चहाला बोलावण्यापेक्षा ‘आमच्या आईंकडून पुरणाचे प्रमाण विचारून घ्यायला या’ हे निमित्त कितीतरी चांगले, कारण त्यात त्यांच्याकडून काहीतरी हवे असते.

त्यानंतर एखादा ठरावीक वाराचा, लहान गट. बहुतेक वसाहतींच्या आसपास महिलांचे भजनी मंडळ असते. आई देवळात भजनाला बसत असतील तर मला ते सर्वांत सोयीचे वाटते, कारण तेथे बोलावे लागत नाही. टाळ हातात घेतला, चाल ओळखीची असली की पहिल्या दिवशीही माणूस गटाचा होतो. त्या गायच्या नसतील तर त्याचा आग्रह धरू नये. पहिल्या काही वेळा तुम्ही किंवा तुमच्या पत्नीने सोबत जावे, दाराशी सोडून परत न येता तेथे बसावे, आणि मंडळाच्या प्रमुख बाईंना आधीच भेटून विनंती करावी की, आईंना सतरंजी घालणे, आरतीचे तबक तयार करणे किंवा हजेरीची वही सांभाळणे असे एखादे काम लावून द्या. पाहुणी म्हणून त्यांना फार दिवस ठेवू नका. नंतर तुम्ही हळूहळू बाजूला व्हा.

यातले बरेच काही साध्या, व्यवहारी अडचणींपाशी अडते. आईंना लिफ्ट एकटीने चालवता येते का? आपल्या मजल्याचा आकडा, इमारतीचे अक्षर, घराचा क्रमांक त्यांना पाठ आहे का, की आपण हरवू या भीतीने त्या खाली उतरत नाहीत? दाराची किल्ली त्यांच्याकडे आहे का? त्यांच्या स्वतःच्या हातात खर्चायला पैसे आहेत का? माझ्याकडे आलेल्या कित्येक आज्यांच्या बाबतीत असे दिसले की, आठवडाभर रोज एकदा कोणीतरी सोबत राहून लिफ्टने खाली-वर केल्यावर आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून कोथिंबीर आणायला लावल्यावर जो फरक पडला, तो कोणत्याही समारंभाने पडला नव्हता. आणि एक प्रश्न तुम्हाला थोडा टोचेल, तरी विचारते: नातवंडांची शाळा, शिकवणी, डबा यांतून आईंना स्वतःचा असा वेळ मिळतो का? घरात त्यांना काम असावे, हे बरोबर. पण बाहेर पडण्याची वेळ येते तेव्हाच मुलांना सांभाळायला कोणी नसते, असे रोज घडत असेल तर ‘मला नको’ हे त्यांचे उत्तर तुमच्या सोयीसाठी दिलेले असू शकते.

परिस्थितीनुसार यात काय बदलेल, हेही सांगायला हवे. काही माणसे मुळातच थोड्यांत रमणारी असतात. त्यांना एक जिवलग मैत्रीण आणि आठवड्याला दोन फोन पुरतात आणि त्यांच्यावर गटाची सक्ती करणे अन्यायाचे आहे. एकटे असणे आणि एकटे वाटणे यांत फरक आहे, आणि आपल्याला चिंता दुसऱ्याची करायची असते. काही गट वरवर सर्वांसाठी खुले दिसतात, परंतु जात, आर्थिक स्थिती किंवा शिक्षण यांवरून तेथे बोलण्यात अंतर ठेवले जाते, आणि हे आत बसलेल्या माणसाला लगेच जाणवते. आई एखाद्या गटातून परत येऊन काही न सांगता गप्प राहिल्या, तर त्यांनाच दोष देण्याआधी तेथे त्यांना कसे वागवले गेले असेल, याचा विचार करावा आणि दुसरा गट शोधावा. उदासीनतेवर औषधे सुरू झाली असतील, तर ती मन थोडे हलके वाटताच आपल्या मनाने बंद करू नयेत. गट आणि गोळ्या यांत निवड करायची नसते.

तुम्ही सोसायटीच्या सांस्कृतिक समितीत आहात असे प्रश्नाच्या ओघात लिहिले आहे, म्हणून थोडे त्याविषयीही. उत्सवाचे मोल मी कमी लेखत नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ पासून जे रूप मिळाले, त्याचा हेतूच लोकांनी घराबाहेर पडून एकत्र यावे हा होता. प्रश्न दहा दिवसांनंतरचा आहे. विसर्जन झाले की मांडव उतरतो आणि त्या दहा दिवसांत झालेल्या ओळखी पुढे नेण्याची कोणतीही सोय उरत नाही. या वर्षी व्यासपीठावरचे कार्यक्रम थोडे कमी करून हातांना काम देणारे उपक्रम वाढवता येतील का, ते पाहा. उकडीच्या मोदकांना कळ्या पाडण्याचे काम ज्येष्ठ स्त्रियांकडे मानाने सोपवा, दुर्वा-फुले निवडायची जबाबदारी त्यांना नावानिशी द्या. उन्हाळ्यात गच्चीवर सामूहिक वाळवण घाला. कुरडयांचा चीक किती शिजवायचा, सांडग्यांत काय घालायचे, हे सांगणाऱ्या आईंपुढे तुमच्या पिढीतल्या तरुण मुली शिकायला बसतील, आणि त्या दिवशी त्या पाहुण्या राहणार नाहीत. आवाज कमी ठेवा, पाठीला टेकू असलेल्या खुर्च्या ठेवा, स्वच्छतागृह उघडे ठेवा. आणि समितीतल्या दोघांनी एवढे एकच काम घ्यावे: मागच्या वेळी आलेले आणि या वेळी न दिसलेले कोण, हे पाहून दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जावे. नाशिक जिल्ह्यात आणि नंतर गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यात ‘आत्मीयता’ हा प्रकल्प गावातल्याच विश्वासू माणसांना अशी दखल घेण्याचे, ऐकून घेण्याचे आणि गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत पोहोचवण्याचे शिक्षण देतो. सोसायटीला तेवढी मोठी यंत्रणा लागणार नाही, परंतु दार ठोठावणारे माणूस लागेल.

परिणाम दिसायला वेळ लागतो. सहा ते आठ आठवडे तरी एकच गोष्ट नेमाने चालू ठेवावी. दर आठवड्याला नवा कार्यक्रम शोधू नये. ‘तुला बरे वाटले का’ असे परत आल्यावर विचारू नका, त्याने परीक्षा घेतल्यासारखे होते. त्याऐवजी बारीक खुणा पाहा: जायच्या दिवशी साडी आधी काढून ठेवतात का, कोणाचे तरी नाव बोलण्यात येते का, कोणाविषयी कुरकूर करतात का. कुरकूर ऐकून तुम्ही काळजीत पडाल, पण मला ती चांगली खूण वाटते, कारण ज्यांच्याशी काही देणेघेणे नाही त्यांच्याविषयी माणूस तक्रार करत नाही. एवढ्या काळात झोप, जेवण आणि चेहरा यांत काहीच फरक पडला नाही किंवा घसरण झाली, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

शेवटी गावी परत पाठवण्याविषयी. हा निर्णय त्यांच्यासाठी घेऊ नका, त्यांच्याबरोबर घ्या; दीड वर्षापूर्वी येथे आणतानाही तो त्यांना विचारून झाला होता का, हे तुम्हालाच माहीत. कायमचे येथे किंवा कायमचे तेथे, असा एकच पर्याय समोर ठेवण्याची गरज नाही. गावाकडच्या दोन-तीन मैत्रिणींशी ठरलेल्या वेळी फोन लावून देण्यास आजच सुरुवात करा. मग गावची यात्रा, पारायणाचा सप्ताह किंवा सुगीचे दिवस गाठून त्यांना महिनाभर राहू द्या. जाण्याआधी तेथे दुखलेखुपले तर कोण धावून येईल, औषधे कोण आणून देईल, रात्री सोबतीला कोणी झोपेल का, हे नक्की करा, कारण वडिलांशिवायचे ते घर त्यांनी अजून अनुभवलेले नाही आणि पहिले काही दिवस ते अंगावर येईल. तेथे त्यांची झोप, भूक आणि बोलणे कसे राहते ते पाहा. त्या खुलल्या तर वर्षाचे काही महिने गावी आणि काही तुमच्याकडे, अशी विभागणी बऱ्याच कुटुंबांना मानवते. त्या तेथेही गॅलरीतल्यासारख्याच ओट्यावर बसून राहिल्या, तर प्रश्न शहराचा नाही, हे कळेल आणि उपचारांना विलंब करू नये.